दिव्यांची लाईन

२१ नोव्हेंबर १९४६, गुरुवार

जिवंत आहे. आधी हे लिहून ठेवतो, मग बाकीचं.

काल सांजेला विमान आपटलं. उतरवलं म्हणायची सोय नाही — आपटलंच. डावं चाक मोडून वर घुसलं, पुढच्या पंख्याची पाती फुटली, डावीकडचा खालचा पंख मातीत गेला. माझं कपाळ फुटलं. पुढच्या बैठकीत शेठ रामलाल होते, त्यांचा उजवा हात मनगटात मोडला. विडीचा एवढा मोठा कारखानदार, धावपट्टीवर फतकल मारून "मार डाला रे, मार डाला" करत होता. मला म्हणायचं होतं, शेठजी, मेलात तर बोलता कसे? नाही म्हटलं. नोकरी त्यांची, विमान त्यांचं, हातही त्यांचाच.

माझा दोष नाही. लढाईत मी याहून वाईट जागी अंधारात विमानं उतरवली आहेत. काल तर आभाळ निरभ्र होतं, वारा नव्हता. दिव्यांची ओळ डाव्या हाताला स्वच्छ दिसत होती. नेहमीसारखा दिव्यांच्या उंचीला आलो, इंजिन मंद केलं, दांडा पोटाशी ओढला आणि चाकं टेकायची वाट पाहिली. जमीन आलीच नाही. क्षणभर नुसतं अधांतरी. मग धाडकन खाली.

पट्टी तीच, मुर्री गावाच्या पलीकडची, लढाईत घाईघाईनं केलेली. विमान तेच. उडवणारा तोच. मग बदललं काय?

कुणीतरी काहीतरी केलं आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मान वळत नाही. मनकर्णेनं टोरीचं, मोहाच्या बियांचं, तेल गरम करून चोळून दिलं. नवरा आभाळातून पडला तर बायको विचारते — कसं झालं, काय झालं. हिनं काहीच विचारलं नाही. का नाही विचारलं?

पट्टीवर गेलो. मनिराम — विमानाचा मिस्त्री — मोडक्या चाकाखाली आडवा पडून काहीतरी चाचपत होता. मला पाहिल्याबरोबर उठून उभा राहिला. जरा जास्तच लवकर उठला.

"बोल्ट पाहून राहिलो साहेब."

"कोणते?"

"तुटलेलेच."

तुटलेले पाहून काय करणार? त्यावर हसला. हसण्यासारखं मी काय बोललो होतो?

या मनिरामला विमान उडवायला शिकायचं आहे. शेठच्या कानी घालून झालं आहे, मला सगळं कळतं. मी घरी बसलो की याची सोय. आणि चाकाचे बोल्ट आवळतो कोण? हाच. सगळे तुकडे गोळा करून खिशात घालून आणले. उजेडात धरून पाहिले. एकावरही पान्याची ताजी खूण नाही, आटे शाबूत, सगळे ओढीनं तुटलेले. सैल असते तर असे तुटले नसते.

म्हणजे मनिराम सुटला. बोल्टांपुरता सुटला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शेठचा माणूस निरोप घेऊन आला. येत्या शुक्रवारी नागपूरहून विमानखात्याचे साहेब चौकशीला येणार. "परवाना तयार ठेवा म्हणाले." तयार ठेवा म्हणजे काय — घेऊन जाणार आहेत!

हा कागद गेला की मी कोण? तलाव बांधणाऱ्या कोहळ्याच्या घरी जन्मून फावडं न धरलेला एक रिकामा माणूस.

२४ नोव्हेंबर, रविवार

सापडलं.

नीट क्रमानं लिहितो, डोकं ठिकाणावर राहायला हवं.

शेठना नागपुरात दर वेळी उशीर होतो, म्हणून पट्टीवर कंदील लावायची सोय ठेवावी लागते. हे काम आधी चौकीदाराकडे होतं. तो मोहाची घेतो. दिवे कुठे लावेल आणि स्वतः कुठे पडेल भरवसा नाही, म्हणून मीच त्याला काढला आणि काम सासऱ्याला दिलं. बिसरामजी — मनकर्णेचे वडील. चोरखमारा गावाकडचे, तलाव बांधणाऱ्या घराण्यातले. यंदा मुर्रीच्या तलावाची पार, मातीचा बांध, पावसानं खचली, ती दुरुस्त करायला माणसं घेऊन आले आहेत. पट्टी तिथून हाकेच्या अंतरावर. घरचा माणूस, दारूला शिवत नाही, मी म्हटलं याहून चांगला कोण मिळणार. त्यांच्या हाती काम गेल्यापासून रात्री उतरायची वेळ त्या दिवशीच पहिल्यांदा आली.

आज पट्टीच्या नाल्याकडच्या टोकाला गेलो. उतरताना विमान याच टोकावरून आत येतं. पट्टी इथे नाल्याकडे उतरती आहे, दिवसा सहज लक्षात येत नाही. कंदील जिथे जिथे होते तिथे ओलसर मातीत चौकोनी ठसे. नाल्याकडचा ठसा सगळ्यात खोल. वरच्या अंगाला जाल तसे उथळ. पुढे पट्टी सपाट झाली तिथे ठसा नाहीच, नुसतं कंदिलाच्या बुडाचं गोल वळं.

चौकोनी बूड कशाला असतं? राकेलच्या डब्याला. मग शोधलं. नाल्याकाठच्या झुडपात रिकामे डबे रचून ठेवलेले. आत दगड, हलू नयेत म्हणून. काहींच्या पाठीवर कंदिलाचं वळं उठलेलं, तेल सांडलेलं. खोल ठशावर तीन डबे एकावर एक चढवले, वर कंदील ठेवला. माझ्या छातीला लागला.

लढाईत गोऱ्या मास्तरनं पहिल्याच रात्री सांगितलं होतं — जमीन शोधत बसू नकोस, दिवे बघ; दिवे आहेत तिथे जमीन आहे. मी तेच केलं. दिवे छातीएवढे वर होते, मी छातीएवढ्या उंचीवर विमान उतरवलं! तिथे जमीन नव्हती, हवा होती. वेग संपला आणि आम्ही खाली आलो.

डबे आपोआप चालत आले नाहीत. कुणीतरी एकावर एक चढवले, आणि काम झाल्यावर झुडपात लपवले. दिवे लावायचं काम एकाच माणसाचं.

आता आठवतं, त्या सांजेला सारी मुर्री पट्टीवर धावली. म्हाताऱ्या बाया आल्या, पोरं आली. जवळ राहणारे बिसरामजी तेवढे आले नाहीत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पारीवर गेलो. लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही म्हणून बिसरामजी आमच्याकडे राहत नाहीत. तलावाच्या पारीवरच तणसाची, भाताच्या पेंढ्याची, झोपडी घातली आहे, तिथे स्वतःच रांधून खातात. उन्हात घोंगडं पांघरून बसले होते. मला पाहून घोंगडं आणखी आवळलं.

"मामाजी, दिव्याखाली डबे होते. कुणी ठेवले?"

माझ्याकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं.

"मीच ठेवले."

"काऊन?"

"ठेवले."

"माझा जीव गेला असता, समजते का?"

"गेला नाही ना." मग पुढे — "डबे मीच ठेवले जवाई. आता तुमाले जे कराचं थे करा."

बस. ना पश्चात्ताप, ना खुलासा. निदान कांगावा करायचा, रडायचं, माझं चुकलं म्हणायचं. काहीच नाही. मला धडकी भरली.

मला कारण माहीत आहे. पोळ्याला गावी गेलो होतो तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, "मानसानं जमिनीवर राहाव. माह्या पोरीचं कुंकू तुमी हवेत टांगून ठेवलं." तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. म्हाताऱ्यानं मनात धरलं. मला मारायचं नसेल. थोडं आपटावं, हात-पाय मोडावा, उडणं बंद पडावं, एवढंच असेल. पण पुढे शेठ बसलेले, मागे मी — थोडं आणि फार हे म्हाताऱ्याला कसं कळणार होतं?

घरचा माणूस म्हणून ठेवला!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शेठनी बोलावलं. हात गळ्यात अडकवलेला, पलंगावर बसून. त्यांच्या डोक्यात वेगळाच किडा. "ये यूनियनवालों का काम है. हड़ताल में मेरा कुछ बिगाड़ नहीं सके, तो आसमान से गिरा दिया." मी म्हटलं, दिवे उंच केले होते हे नक्की. ते उठून बसले. "बस! कप्तानसाब, किसने किया वो नाम साहब को बोल दो. आपका लैसन भी बच जाएगा. दूसरा हवाई जहाज लेंगे, आप ही उड़ाओगे."

म्हणजे सरळ आहे. दिवे कुणी मुद्दाम उंच केले असतील, तर मी सुटलो. नसतील, तर मी विमान आपटणारा वैमानिक.

शेठ एवढं गोड का बोलत होते? त्यांना यूनियनचा माणूस हवा आहे. माझा सासरा दिला तर चालेल का? चालेल, असं त्यांच्या तोंडावरून वाटलं. त्यांना कुणीही चालेल.

२७ नोव्हेंबर, बुधवार

मनकर्णेला सांगून टाकलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हटलं, दिव्यांखाली तुझ्या बापानं डबे ठेवले होते. मला पाडायला.

तिचा हात थांबला.

"बाबानं सोता म्हटलं का, डबे त्यायनं ठेवले म्हनून?"

"स्वतःच्या तोंडानं."

तिनं सूप एकदा हलवलं. "त्यायनं म्हटलं असन त ठेवले असन."

हे काय उत्तर झालं? कुठलीही लेक म्हणेल — माझा बाप असं करणार नाही! भांडेल, आदळआपट करेल. ही मान खाली घालून खडे काढत बसली. म्हणजे हिला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं की नंतर कळलं, एवढंच आता शोधायचं राहिलं.

मी फार संशय घेतो असं ही नेहमी म्हणते. आज म्हणाली नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मनकर्णा दुपारी-सांजेला पेजेचा गडवा घेऊन पारीवर जाते. बाप घेत नाही, गडवा भरलेलाच परत येतो. तरी जाते. आज मी पळसाच्या आडून पाहिलं. म्हातारा काहीतरी समजावत होता, ही मान हलवून नाही-नाही म्हणत होती. मी पुढे झालो तर ही गडवा उचलून चालू लागली. बापलेकीत काहीतरी शिजतं आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेब आले. पुण्याकडचे, नाकात बोलणारे, पण कामाचा माणूस. विमान पाहिलं, बोल्ट पाहिले, डबे मी पुन्हा रचून दाखवले. खाली बसून, उभं राहून, नाल्यात उतरून पाहिलं. "तुमचं म्हणणं बरोबर दिसतं, कापगते. दिव्यांनी तुम्हाला फसवलं."

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

मग विचारलं, दिवे कुणी लावले?

नाव सांगितलं.

तुमचे कोण?

तेही सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे त्यांनी जाणूनबुजून केलं असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, तसंच वाटतं. माझं उडणं त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. सही सरळ आली याचं बरं वाटलं. मग असं बरं वाटलं याचंच वाईट वाटलं. पण खरं ते खरं. सासरा झाला म्हणून काय?

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी शिपाई येऊन बिसरामजींना ठाण्यात घेऊन गेला.

गाव जमलं होतं. त्यांनी पागोटं बांधलं, झोपडीच्या दाराला बांबूचा ताटवा लावून घेतला. त्यांच्या माणसांत कवडू म्हणून जुना माणूस आहे, त्याला सांगितलं, "मदात माती ढिली आहे, तिकडं पह्यले पाह्य." पारीच्या मध्यावरचंच बोलले. मग शिपायाला म्हणाले, "चाल बावा." माझ्यासमोरून गेले. मान वर नाही, खाली नाही, नेहमी जशी असते तशीच. चालताना एकदा लटपटले. भीतीनं असणार.

मनकर्णा दारात उभी होती. बाप दिसेनासा झाला तशी आत गेली. चूल पेटवली, भात केला, पोपटीच्या शेंगांची भाजी केली, ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं. मी ताटाकडे थोडा वेळ पाहिलं.

जेवलो. काही झालं नाही.

१ डिसेंबर, रविवार

झोप नाही. तिलाही नाही. दोघं पाठीला पाठ लावून झोपेचं सोंग करतो.

२ डिसेंबर, सोमवार

आज जे पाहिलं ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं लिहिणार होतो. पण तसं नाही.

दिवस मावळता पारीवर गेलो. कारण सांगतो — बिसरामजींची झोपडी धुंडाळायची होती. आणखी काही पुरावा सापडला तर हवा होता. सही केल्यापासून सारखं वाटत होतं, अजून एखादी गोष्ट हाती लागली पाहिजे, पक्की, म्हणजे मन स्वस्थ होईल.

पाहतो तर पारीवर दिवे. ओळीनं. कवडू तलावात गळाभर पाण्यात उभा, थंडीनं दात वाजताहेत, हनुवटी पाण्याला टेकलेली, एक डोळा मिटून दिव्यांकडे पाहतो आहे. वर दोघं जण कंदील हलवताहेत. कवडू ओरडला, "मदातला दबला! डबा घाल!" वरच्यानं दिव्याखाली राकेलचा डबा घातला. "अजून एक!" दुसरा घातला. "लागली! लाईन लागली!"

मी पाण्याच्या कडेला गेलो.

कवडू कुडकुडत बाहेर आला. मी विचारलं, हे काय करून राहिले?

"पार पाहून राहिलो. कुठं खचली थे दिवसा नाही समजत जी, भुई डोळ्याले फसवते. सांजेले दिवे लावाचे, पान्याच्या बरोबरीनं पाहाचं. जिथं दिवा खाली दिसला तिथं डबे घालाचे. सारे दिवे लाईनीत आले का झालं. जितके डबे लागले तितकी माती टाकाची."

"आणि पट्टीवर?"

तो माझ्याकडे खुळ्याकडे पाहावं तसा पाहू लागला. "दिवे लावा म्हटलं का आमी असेच लावतो. दुसरे कसे लावतेत? आन् तुमीच त बजावलं होतं ना आमच्या म्होरं — एकही दिवा लाईनीबाहेर नको, लाईन सरळ पाहिजे म्हनून."

बजावलं होतं. शब्द न् शब्द आठवतो. चौकीदार दिवे नागमोडी लावायचा, त्याचा वैताग मनात होता. माझी लाईन म्हणजे दोरी धरल्यासारखी ओळ, डावी-उजवीकडे न वळणारी. यांच्या तोंडी लाईन एकच — पाण्याची. पट्टी नाल्याकडे उतरती, म्हणून उतारावर डबे चढत गेले. जवायाचं काम, एकही दिवा खाली राहता कामा नये! आणि डबे लपवलेले नव्हते. काम झालं की पारीवरही ते असेच झुडपात सारतात, चोरीला जाऊ नयेत म्हणून. झुडपात आणखी दोन राशी दिसल्या.

म्हणजे मला कुणी पाडलं नाही. पाडायला कुणी निघालंच नव्हतं. हे कळल्यावर हायसं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं नाही. पाडणारा असता तर मी बरोबर ठरलो असतो.

पण मग म्हातारा बोलला का नाही? एका वाक्यात सुटला असता — "लाईन धरली होती." अभिमान. दुसरं काय. सोयऱ्यानं तोंडावर आळ घेतला, आता मी कशाला सफाई देऊ — असंच असणार. ही माणसं अशीच ताठ.

३ डिसेंबर, मंगळवार

साहेब अजून डाकबंगल्यातच होते. गेलो आणि सांगून टाकलं. पार, पाणी, डबे, लाईन — सगळं. ऐकताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. एकदा हसले, पण वाईट हसले नाहीत.

"म्हणजे घातपात नाही."

"नाही."

"मग दिव्यांची ओळ नवा माणूस लावणार, तर ती लावून घेऊन एकदा स्वतः पायी फिरून पाहायची जबाबदारी कुणाची होती?"

"माझी."

"पाहिलीत?"

"नाही."

"का नाही?"

"घरचा माणूस होता."

परवाना मागितला. दिला. त्यांनी तो बॅगेत ठेवला, वर माझा जबाब ठेवला, बॅग बंद केली. परत कधी मिळेल ते वरचे ठरवतील म्हणे. शेठकडे गेलो तर त्यांनी पुरतं ऐकलंही नाही. यूनियन नाही, घातपात नाही, मग त्यांना त्यात काही गोडी उरली नाही. "तो फिर आप घर बैठो."

साहेबांची चिठ्ठी घेऊन ठाण्यात गेलो, बिसरामजींना सोडवलं. बैलांच्या रेंगीत घालून आणलं. तोंड सुकलेलं, अंगात ताकद नव्हती. मी वाटेत माफी मागितली. बैलांच्या पाठीकडे पाहत मागितली, पण मागितली. कवडूकडून सगळं कळलं म्हटलं. मग त्यांनीच विचारलं.

"तुमी दिवे पाहून उतरता?"

"हो."

"मले वाटे जमीन पाहून उतरत असान."

घर जवळ आलं. मी म्हटलं, आज तरी आमच्याकडे चला, दोन घास खा. मान हलवली. पारीवर उतरले.

४ डिसेंबर, बुधवार

विमान आपटून काय शिकलो ते एकदा लिहून ठेवतो. पुन्हा कधी बसायला मिळालं तर उपयोगी पडेल.

दिवा म्हणजे जमीन नव्हे. दिवा माणसानं लावलेला असतो आणि माणूस त्याच्या कामाच्या सवयीनं लावतो. नवा माणूस असेल तर आधी उजेडात त्याच्याबरोबर ओळ चालून जायची, प्रत्येक कंदिलाला हात लावायचा. तोंडी हुकूम देताना आपला शब्द त्याच्या कानात काय होतो ते विचारून घ्यायचं. अंधारात उतरताना इंजिन आधीच मंद करायचं नाही, थोडा जोर ठेवून हळूहळू खाली यायचं, जमीन स्वतः चाकाला लागेपर्यंत. असं केलं असतं तर त्या सांजेला तीन डब्यांवरूनही अलगद उतरलो असतो. दोष दिव्यांचा थोडा, माझा जास्त. गोऱ्या मास्तरनं शिकवलं ते सपाट वाळवंटातलं होतं, इथे नाले आहेत.

हे सगळं लिहून मन हलकं झालं. खरं सांगू, मला माझं कौतुकही वाटलं. परवाना गेला, नोकरी गेली, गप्प बसलो असतो तर दोन्ही राहिलं असतं. तरी जाऊन सांगितलं. किती जण सांगतील? मुर्रीतली माणसंही आज रामराम करताना जरा थांबत होती. मनिराम घरी आला, म्हणाला, "साहेब, तुमी मानूस मोठे निंगाले." यावेळी हसला ते खरं हसला असावा.

रात्री जेवताना मनकर्णेला म्हटलं, मी नसतो तर तुझा बाप अजून ठाण्यात बसला असता. ती वाढता वाढता थांबली. माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी पाणी मागितलं.

५ डिसेंबर, गुरुवार

मनकर्णा आज बोलली. त्या सांजेला बाबा तापानं बेशुद्ध पडले होते. ही पेज घेऊन गेली, पाहिलं, तर कंदील तसेच पडलेले आणि मी यायची वेळ झालेली. दिवे हिनं लावले. डबे हिनं ठेवले. नाल्याच्या पाण्याशी डोळा लावून लाईन हिनंच धरली.

"बाबा म्हने, तू सांगू नको, जवाई तुलेही ठान्यात देतीन. मी म्हटलं, मले नाही देनार. त बाबा म्हने — मंग सांगून पाह्य."

तिनं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, वेडी की काय, तुला कसं दिलं असतं? ती भांडी उचलून आत गेली.

इथे मीच लिहितो आणि मीच वाचतो, खोटं कुणासाठी लिहू. दिलं असतं.